सायकल-सुधारक

पुण्यातला एक वाद 1888 पासून चालू आहे. त्या साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला आणि आधी समाज सुधारायचा की आधी राज्य मिळवायचं, यावरून गावात दोन तट पडले. पुढे राज्य मिळालं. समाजाचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. वाद मात्र मिटला नाही. तो आता सायकलीवर येऊन ठेपलाय. स्वस्तातली माउंटन बाइक एकेक पार्ट बदलत सुधारत न्यायची, की तिला रामराम ठोकून कुणाची तरी वापरलेली चांगली सायकल आणायची? आमच्या सोसायटीतले तात्या पहिल्या तटाचे. मी दुसऱ्या.

असे तात्या प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. ओळखायची खूण सोपी. त्यांची सायकल चाकांवर उभी क्वचित दिसते. बहुतेक वेळा ती पार्किंगमध्ये शीर्षासनात असते, शेजारी पाटावर तात्या, तात्यांच्या शेजारी पान्यांचा संच आणि पलीकडे सोसायटीतली तीन पोरं, आपल्या क्रिकेटच्या जागेची वाट बघत. पायजम्याच्या उजव्या पायावर वंगणाचा डाग. ‘‘काय तात्या, कुठवर जाऊन आलात?’’ असं विचारलं तर ‘‘अरे, जायचं कसलं, मागचा डिरेलर सेट होत नाहीये,’’ हे उत्तर मिळतं. ध्येय सिंहगडचं असतं. सायकल एकदा मनासारखी झाली की ते घाट चढणार आहेत. गेली सात वर्षं तरी ती खडकवासल्याच्या पुढे गेलेली कुणी पाहिलेली नाही.

सायकल घेतली तेव्हा 11,500 रुपयांची होती. सात गिअर, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढे शॉकअप म्हणून दोन स्प्रिंगा आणि वजन सतरा किलो. माणसाने अशी सायकल घ्यावी, चालवावी, पंक्चर काढावं, आणि बात खतम. पण तात्यांचा सगळा जन्म जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेलेला. त्यात त्यांना कुणीतरी शिमानोच्या गिअरांची उतरंड सांगितली: टूर्नी, मग आल्टस, असेरा, अलिव्हिओ, मग डिओर, एसएलएक्स, एक्सटी आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक्सटीआर. तात्यांनी ती ऐकली आणि शिपायापासून सचिवापर्यंतचा तक्ताच त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. आपली सायकल टूर्नीवर, म्हणजे चतुर्थ श्रेणीत. तिला बढती मिळाली पाहिजे, आणि तीही रीतसर, एकेक पायरीने. बाहेरून तयार चांगली सायकल आणणं म्हणजे थेट भरती. ती त्यांना नोकरीतही कधी पटली नव्हती.

पहिली बढती गिअरांची. सातचे नऊ करायचे, एवढंच. पण स्वस्त सायकलीचं फ्रीव्हील हबवर आट्यांनी आवळलेलं असतं. नऊची कॅसेट चढवायला हबच वेगळ्या जातीचा लागतो. हब वेगळा म्हणजे चाक नवं. मागचं चाक नवं घेतलं तर जोडी विजोड दिसते, म्हणून पुढचंही नवं. नऊला सातचा शिफ्टर चालत नाही, सातची चेन चालत नाही. डिरेलर कदाचित चालला असता, पण बाकी सगळ्यांना नवे कपडे करून एकट्याला जुन्यात कसं ठेवायचं? त्यामुळे ‘‘फक्त गिअर’’ या सदराखाली निम्मी सायकल बदलली गेली. काकू एवढंच म्हणाल्या, ‘‘आमच्या स्वयंपाकघराचं असंच झालं होतं. नळ गळत होता म्हणून सुरुवात केली होती.’’

तात्यांच्या पोथीतला पहिला अध्याय कॅलिफोर्नियाचा आहे. तो ते मला इतक्यांदा ऐकवून चुकलेत की आता मीच पुढचं वाक्य पुरवतो. ‘‘माउंटन बाइक जन्मली कशी? सुधारणेतून! 1976 मध्ये मरिन काउंटीतल्या पोरांनी तीस-चाळीस वर्षांच्या जाड टायरच्या जुन्या सायकली काढल्या, त्यांना हवे ते पार्ट जोडले आणि डोंगरावरून सोडून दिल्या.’’ ही गोष्ट खरी आहे. उतरताना मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, खाली पोचल्यावर हब पुन्हा ग्रीसने भरावा लागायचा, म्हणून त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं. पण पुढचा अध्याय तात्या वाचत नाहीत. त्याच टोळीतल्या जो ब्रीझने दुसऱ्याच वर्षी, 1977 मध्ये, जुन्या सांगाड्यांना हात जोडून डोंगरासाठी नवीन फ्रेम बांधली. हे मी काढलं की तात्या म्हणतात, ‘‘ते अमेरिकन. त्यांना दम नाही.’’

मी काही गप्प बसलो नव्हतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लोकांनी हौसेने चांगल्या चांगल्या सायकली घेतल्या आणि दोन वर्षांत त्या बाल्कनीत टॉवेल वाळवण्याच्या कामी लागल्या. अशीच एक बाणेरला आयटीतल्या एका पोराकडे आहे असं कळलं. डिओरचे गिअर, ऑइलचे ब्रेक, किंमत 25,000. तात्यांना ओढत नेलं. वाटेत ते कुरकुरत होते, ‘‘दुसऱ्याची वापरलेली कशाला?’’ दर रविवारी जुन्या बाजारात उकिडवं बसून कुणाकुणाच्या क्रँक आणि पायडल निवडणाऱ्या माणसाने हे म्हणावं! पण सुधारकांमध्येही सोवळं असतं. सुटा पार्ट चालतो, अख्खी सायकल विटाळते.

सायकल बघायला मिळाली आणि मी हरखलो. टायरवरचे रबराचे केससुद्धा झडले नव्हते. तात्यांनी पाऊण तास तपासणी केली. फ्रेमचे जोड नखाने चाचपले, चेन मोजली, चाक फिरवून रिम आऊट आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं. सायकल निर्दोष निघाली, तसा त्यांचा चेहरा पडला. तिच्यात करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेवटी त्यांनी त्या आयटीतल्या पोराला गंभीरपणे विचारलं, ‘‘मागचा डिरेलर सुटा देता का?’’

पोराने नाही म्हटलं, पण विचारात पडलेला दिसला.

मधल्या काळात तात्यांनी ऑइलचे ब्रेक बसवले. सीट, हँडल, पायडल, क्रँक, सगळं बदललं. ऑनलाइन सेलमध्ये हवेचा शॉकअप असलेला चिमटाही मागवला. तो आला तेव्हा कळलं की त्याची नळी खाली दीड इंच रुंद होत जाणारी, आणि तात्यांच्या फ्रेमचं मानेचं भोक सरळसोट. सवलतीचा माल परत घेत नाहीत. मग तो चिमटा ज्यात आला त्याच फोममध्ये गुंडाळून हॉलच्या कोपऱ्यात उभा राहिला. पाहुण्यांना तो तानपुरा वाटायचा.

या सगळ्याचा हिशेब तात्या वहीत अतिशय चोख ठेवत. प्रत्येक खर्चाला वेगळं पान. फक्त पानांची बेरीज करायची नाही, एवढा एकच नियम. लेखा विभागात तो शिकवत असावेत. ती बेरीज अखेर काकूंनी कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली केली. 38,600. वर मूळ सायकल वेगळी. तात्या म्हणाले, ‘‘एकदम द्यावे लागले असते तर जास्त वाटले असते.’’

आणि मग गेल्या दिवाळीच्या सुमारास बाणेरच्या पोराचा फोन आला. सुटे पार्ट विकता येतात हे ज्ञान त्याला तात्यांकडूनच झालं होतं. चाकं, गिअर, ब्रेक असं वेगवेगळं विकून त्याने 25,000 च्या वर काढले होते. फ्रेम तेवढी उरली होती. काकांना हवीय का? काकांना हवी होतीच, कारण तिच्या मानेचं भोक दीड इंची होतं. चिमट्यासाठी फ्रेम घेतली गेली. तीवर तात्यांचे सगळे सुधारित पार्ट चढले. सीटचा दांडा 27.2 चा आणि नव्या नळीचं भोक 30.9 चं निघालं, पण मध्ये कडी घालून तेही जमवलं.

आता जुनी फ्रेम रिकामी झाली. तेव्हा तात्यांनी माळ्यावरून फरसाणाचे चार डबे आणि दोन गोणपाटं खाली काढली. सात वर्षांत काढलेला एकही पार्ट त्यांनी टाकला नव्हता. सातचं फ्रीव्हील, टूर्नी डिरेलर, स्प्रिंगांचा चिमटा, तारेचे ब्रेक, मूळची चाकं, अगदी ब्रेकच्या तारेची टोपणंसुद्धा होती. एका रविवारात 11,500 ची सायकल जशीच्या तशी उभी राहिली.

तात्या नव्या सायकलीचा शिफ्टर बदलायच्या मागे आहेत. जुनी मी घेतली. ते 3,500 म्हणत होते, 3,000 ला सौदा झाला. गेल्या आठवड्यात मी तिच्यावर सिंहगड चढलो. दोनदा उतरून ढकलावी लागली. स्टँड तात्यांनी आठवणीने लावून दिला होता, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.