श्रावणातली कोंबडी

दीप अमावस्येला आमच्या घरात कोंबडीला जेवढ्या गहिवराने निरोप देतात, तेवढा गहिवर मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा माझ्या वाट्याला आला नव्हता. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि फ्रीजमधली तिची जागा बटण मशरूमचा डबा घेतो. पण त्या बिचाऱ्याला कुणी मशरूम म्हणून जगू देत नाही. त्याचं सुकं होतं, शागोती होते, सिक्स्टी-फाइव्ह होतं. खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, मालवणी मसाला, कढीपत्ता, सगळा जामानिमा तिचाच. वर प्रत्येक घासाला कुणीतरी म्हणतंच, "अगदी चिकनसारखं लागतं, नाही?" तसं ते लागत नाही. मसाल्यासारखं लागतं.

यंदा मात्र वाद चवीवरून पोषणावर गेला. चिरंजीव व्यायामशाळेत जातात आणि घरातल्या प्रत्येक पदार्थाकडे प्रोटीनचा हिशेब मागतात. सौभाग्यवतींनी फोन पुढे केला. कुठल्याशा नातेवाइकांच्या ग्रुपवरून आलेल्या निरोपात लिहिलं होतं की मशरूममध्ये चिकनइतकंच प्रोटीन असतं, शिवाय कोलेस्टेरॉल शून्य. खाली हात जोडलेले आणि एक गुलाब.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते छापले आहेत. निवृत्त माणसाला आकड्यांचं वाचन कधी जड जात नाही, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. ताज्या बटण मशरूममध्ये शंभर ग्रॅममागे प्रोटीन तीन ते साडेतीन ग्रॅम. कोंबडीच्या छातीच्या कच्च्या मांसात एकवीस-बावीस. म्हणजे २०० ग्रॅमचा अख्खा डबा खाल्लात तर एका अंड्याएवढं प्रोटीन पदरात पडतं. पाव किलो बोनलेस चिकनची बरोबरी करायची तर असे आठेक डबे लागतील आणि चिरंजिवांना दिवसभर चिरत बसावं लागेल. निरोपातली मेख पाण्यात आहे. मशरूम म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. ते काढून वाळवलेल्या मशरूमची तुलना ओल्या चिकनशी केली की आकडे एकदम मांडीला मांडी लावून बसतात. अशी सवलत दिली तर आमच्या डब्यातली तूरडाळही चिकनच्या बरोबरीला येते. तिच्यात कोरड्या शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम आहेच. पण डाळीबद्दल गुलाबाचं चित्र घालून कोण निरोप पाठवणार?

कोलेस्टेरॉलचं खरं आहे. मशरूममध्ये ते नसतं. उष्मांकही शंभर ग्रॅमला पंचविसाच्या आगेमागे, चिकनच्या पाचव्या हिश्शाएवढे. सौभाग्यवतींनी हा मुद्दा जिंकला आणि त्या आनंदात रश्शात काजूची पेस्ट, लोणी आणि साय घातली. तिथून पुढे तुलना मशरूम आणि चिकनची राहिलीच नाही.

मग निघाले आमचे रक्ताचे रिपोर्ट. आमच्या पिढीत कुंडली जुळवावी तसे लोक बी-बारा आणि डी जुळवतात. बी-बारा मशरूममध्ये नसल्यातच जमा. कोंबडीत असतं, पण तेही बेताचंच, त्याचा फार गाजावाजा करू नये. ड जीवनसत्त्वात मात्र कोंबडी जवळपास नापास आणि मशरूमला गुण मिळवायची सोय आहे. त्यात अर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं आणि त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचं डी-टू होतं. शेतीतलं मशरूम अंधाऱ्या खोलीत वाढतं, म्हणून आणल्यावर त्याच्या चकत्या दुपारच्या उन्हात ठेवायच्या. सौभाग्यवतींनी लगेच ताट गॅलरीत ठेवलं. डोंबिवलीतलं श्रावणातलं ऊन ते. आलं की गेलं. सर आली की ताट आत, ऊन पडलं की ताट बाहेर. शेजारच्या वहिनींनी विचारलंदेखील, "सांडगे का हो, या दिवसांत?" आणि ज्यांच्या डीसाठी हा खटाटोप, ते आम्ही सगळे आत ट्यूबलाइटखाली बसून होतो.

मामा तेवढ्यात सावंतवाडीहून आले. त्यांनी एक चकती उचलली, दाबली आणि विचारलं, "ह्येका चव खंय आसा?" त्यांच्या मते खरी अळंबी ती पहिल्या पावसानंतर वारुळावर उगवते ती. ती वाळवी स्वतः वारुळात बुरशीची शेती करून पिकवते, माणसाला अजून ती लागवड साधलेली नाही. जागा माहीत असलेला माणूस ती सख्ख्या भावाला सांगत नाही. तिच्यात प्रोटीन किती, हे मामांना विचारायची चिरंजिवांची छाती झाली नाही.

खरा पेच आईच्या ताटाचा होता. आई श्रावण कडक पाळते. आणि चिरंजिवांनी जेवताना मोबाईलवरून वाचून दाखवलं, की बुरशी ही वनस्पती नाही, उत्क्रांतीच्या झाडावर ती झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, तेच जे कोळंबीच्या कवचात असतं. टेबलावर शांतता पसरली. आईने घास थांबवला, विचार केला आणि म्हणाली, "कवच आपण सोलून टाकतो." घास आत गेला.

हे बघून माझ्यातला कारकून जागा झाला. मी म्हटलं, बटण मशरूम ज्या कंपोस्टवर पिकवतात त्यात गव्हाचं काड, जिप्सम, कोंडा आणि पुष्कळ ठिकाणी चक्क कोंबडीखत असतं. नायट्रोजन लागतो ना. म्हणजे एका अर्थी, श्रावणभर आपण जिला टाळतोय, तिच्याच आशीर्वादावर हे पीक उभं आहे.

चिरंजीव खूश झाले. सौभाग्यवतींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचा पेला उचलला.

आई म्हणाली, "खतावरून पंगत ठरवायला लागलास तर उपाशी मरशील. गुलाबालाही तेच घालतात. तो देवाला वाहतोसच ना?" मग वाटीच्या तळाशी उरलेल्या तीन चकत्या चमच्याने गोळा करत म्हणाली, "आणि पुढच्या वेळी दोन डबे आण. आटतात मेले."