सकाळी आठ ते रात्री दहा

मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारनं माध्यम देखरेख केंद्राचा शासन निर्णय काढला. छापील, टीव्ही, डिजिटल, सगळ्या बातम्या गोळा करायच्या, सकारात्मक-नकारात्मक अशा वेगळ्या करायच्या, दिशाभूल दिसली की खुलासा. खर्च सुमारे १० कोटी. माझ्या डोळ्यांत भरली ती वेळ : सकाळी ८ ते रात्री १०. म्हणजे ज्याला दिशाभूल करायची, त्यानं जेवणं उरकून निवांत करावी.

सोलापूरजवळच्या आमच्या कुंभारीला ही वेळ झकास मानवते. दिवसभर इथल्या रे नगर या कामगार वसाहतीतल्या बायकांचे हात विड्यांच्या सुपात असतात. विड्या वळून संपल्या, भाकऱ्या झाल्या, की मग व्हॉट्सॲपला जाग येते.

शेजारच्या आक्कांना मी केंद्र सरकारचा जुना प्रयोगही सांगितला. ६ एप्रिल २०२३ ची नियमदुरुस्ती : केंद्राच्या कारभाराविषयी कुणी काही लिहिलं, तर ते खोटं की खरं हे केंद्रानंच नेमलेलं पथक ठरवणार.

"म्हंजे आमचा चेकर की वो!" आक्का म्हणाल्या. "पगार मालकाचा, आणि विडी वाकडी म्हणून बाजूला काढणार तोच. काढली की तिचं पैसे न्हाईत."

"मग त्या काढलेल्या विड्या जातात कुठं?"

"त्येच तर इचारायचं नसतं."

इतकं साधं कळायला मुंबईला मात्र दीड वर्ष लागलं. विनोदवीर कुणाल कामरा उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. २० मार्चला पथकाची अधिसूचना निघाली, २१ मार्चला सर्वोच्च न्यायालयानं ती थांबवली. एका दिवसाचं आयुष्य! शेवटी सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी ती दुरुस्तीच घटनाबाह्य ठरवली. एक चेकर घरी पाठवायला तीन न्यायमूर्ती.

सोलापूरकरांना खरं तर या गोष्टींचं अप्रूप नसावं. १९३० साली इथं मार्शल लॉ होता, तेव्हा डोक्यावरची गांधी टोपी हाच गुन्हा होता. आक्षेपार्ह मजकूर पांढरा, दोन टोकांचा, आणि त्यात एक अक्षरही नाही! त्या देखरेखीला रात्री दहाची सुट्टीही नव्हती.

माझी अडचण मात्र त्या सकारात्मक-नकारात्मक अशा दोन खान्यांची आहे. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान इथं आले, रे नगरातली १५ हजार घरं कामगारांच्या हवाली झाली. बातमी सकारात्मक, वाद नाही. आता आक्का म्हणतात, "घर लई झ्याक. पर शेरात जायचं म्हटलं की रिक्षावाला आधी दिसतोय." हे वाक्य देखरेख केंद्रातल्या बाबूनं कुठं टाकायचं? पहिला अर्धा भाग एका फायलीत, 'पर'पासून पुढचा दुसऱ्या? आणि खुलासा कोण करणार, रिक्षावाला?

परवा रात्री आक्का मोबाइल घेऊन दारात आल्या. गटावर टाकायचा निरोप तयार होता : उद्या पान-तंबाखू मिळणार नाही, कुणी हेलपाटा घालू नये.

"हे सकारात्मक का नकारात्मक वो?"

"काम नाही म्हणजे नकारात्मकच."

"आणि हेलपाटा वाचला त्याचं?"

मी घड्याळाकडं पाहिलं. पावणेदहा झाले होते. आक्कांनीही पाहिलं, आणि मोबाइल पदराखाली धरून त्या पायरीवर बसल्या.

"पंधरा मिन्टं हायत. च्या ठेवा की."