मिरामार पळून जात नाही

डोंबिवलीच्या माणसाने पणजीत मुक्कामाला जाऊ नये. तिथे त्याचं आयुष्यभराचं शिक्षण वाया जातं. कुठल्या डब्यात शिरलं की दादरचा जिना बरोब्बर समोर येतो, चौथी सीट न भांडता कशी मिळवायची, घाटकोपरला उतरायचं तर दाराकडे कुठून सरकायला लागायचं, या विद्या मी गर्दीत घुसमटून कमावल्या आहेत. पणजीत त्यांना गिऱ्हाईक नाही. मुळात पणजीत रेल्वेच नाही. एका राज्याची राजधानी, पण कोकण रेल्वे आपल्याला उतरवते ती जुन्या गोव्याजवळ करमळीला. पुढचे दहा-अकरा किलोमीटर तुमचे तुम्ही बघा.

माझी मावसबहीण मांडवीच्या पल्याड बेतीला राहते. म्हणजे पणजीत जायचं तर फेरीबोट. पहिल्या सकाळी मी तिला विचारलं, "तिकीट कुठे काढायचं?"

"तिकीट नसतं."

"मग पास?"

"अगं, चालत जाणाऱ्याला फुकट असते फेरी."

फुकट म्हटलं की डोंबिवलीकराला टीसी दिसायला लागतो. नदी ओलांडेपर्यंत मी पर्स छातीशी धरून त्याची वाट पाहत होते. बाकी कुणाला काही पडलेलं नव्हतं. माशांच्या टोपल्या, दप्तरं, स्कूटरवर बसून राहिलेली माणसं. धक्का हातभर लांब असतानाच सगळ्या स्कूटर एकदम सुरू झाल्या. पुढची लोखंडी फळी खण्णकन सिमेंटवर आपटली आणि मी "सावकाश, सावकाश" म्हणेपर्यंत बोट रिकामी झाली होती. तेवढा एक क्षण मला माहेरचा वाटला.

मांडवीत पलीकडच्या बाजूला कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात, रात्री दिव्यांनी लखलखलेल्या. त्यांच्यावर चढायला लोक हजारो रुपये मोजतात आणि त्या बोटी त्यांना कुठेही नेत नाहीत. ही गंजकी फेरी एक पैसा न घेता पैलतीरी पोचवते. पण तिच्यासमोर उभं राहून फोटो कोण काढणार? आमचे भावोजी मात्र फेरीबद्दल घरच्या म्हाताऱ्या माणसासारखं बोलतात. १९८६ च्या पावसाळ्यात मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा हिनेच तारलं म्हणतात. आता तिथे तीन पूल आहेत, त्यातला अटल सेतू २०१९ चा. भावोजी तरीही फेरीनेच जातात.

पणजीत आता विजेवरच्या बसही धावतात, पण माझी दीक्षा झाली ती खाजगी मिनीबसमध्ये. कदंब म्हणजे गोव्याची एसटी. तिच्या स्टँडवर 'मिरामार, दोनापावल' असा पुकारा चालू होता. ड्रायव्हरने इंजिन असं काही गुरगुरवलं आणि गाडी अशी काही पुढे सरकवली, की मी साडी सावरत धावले आणि आत उडी घेतली. गाडी वीतभर पुढे गेली, वीतभर मागे आली आणि उभी राहिली. पुन्हा गुरगुर, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आतली माणसं वर्तमानपत्र वाचत होती. गाडी भरेपर्यंत हा झोका चालतो आणि त्याला फक्त पाहुणे फसतात, म्हणजे तो पाहुण्यांसाठीच आहे. पंधरा मिनिटांनी खिडकीतून पाहिलं तर आम्ही जिथे होतो तिथेच होतो. मधल्या काळात माझ्यासारखे आणखी चौघे उडी मारून आत आले होते.

गाडी एकदाची निघाली. मी सवयीने उठून दाराशी जाऊन उभी राहिले, उतरणाऱ्यांच्या रांगेत पहिली. रांग नव्हतीच. बोटांच्या बेचक्यांत नोटा उभ्या घडी करून खोचलेला पोरसवदा कंडक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "बस मगे मावशे. मिरामार खंय पळून वचना." अख्खी बस हसली. मी बसले. एवढ्या आपुलकीने मला आजवर कुठल्याही वाहनाने बसवलेलं नाही.

खरी अडचण अशी, की पणजी संपते फार लवकर. बरेच रस्ते एकेरी, त्यामुळे बस बिचारी वळसे घेत घेत शहर मोठं करून दाखवते. आपण आत बसून ज्या बाईला मागे टाकलं, तीच पिशव्या हलवत पुढच्या नाक्यावर आपल्या आधी हजर असते. त्यात रस्त्यांची नावं म्हणजे तारखा. नोव्हेंबरात कुणी फोनवर "१८ जूनला भेट, पाच मिनिटांत" म्हणालं तर दचकू नये. तो बाजाराचा रस्ता आहे. १९४६ साली त्या दिवशी समाजवादी नेते लोहियांनी मडगावात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सभा घेतली होती. फोंतेन्यस या जुन्या वस्तीत ३१ जानेवारीही आहे, ती पोर्तो शहरातल्या १८९१ च्या उठावाची. या दोन तारखांमधलं अंतर चालत फारच थोडं आहे.

चालायचा कंटाळा आला म्हणून मी पायलट पाहिला. पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल आणि तिचा मालक. मागे बसायचं, भाडं द्यायचं. मागे बसल्यावर हात कुठे ठेवायचे हा प्रश्न मी डोंबिवलीपासून सोडवत आणला होता, पण तो उद्भवलाच नाही. झाडाखालच्या पायलटाने विचारलं, "खंय वचपाचें?"

"इगर्जीपाशी."

त्याने मान वळवली. पांढरीशुभ्र इगर्ज, म्हणजे चर्च, जिन्यांसकट समोर उभी होती. "ती पळय. चलत वच." आणि तो पुन्हा पेपरात शिरला. गिऱ्हाईक परत पाठवणारा वाहनवाला मी आमच्याकडेही पाहिलेला आहे, पण तो जवळचं भाडं नको म्हणून. ह्याला माझे पैसे वाया जातील याचं वाईट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी आल्तिनोच्या टेकडीवर जायचं म्हटल्यावर मात्र तोच पायलट मुकाट्याने उठला आणि त्याने किक मारली. नकाशावर आल्तिनो बोटाच्या पेराएवढं लांब आहे. नकाशाला चढ दिसत नाही, पायलटाला दिसतो.

एक गोष्ट मात्र पणजीकरांनी जगाला शिकवावी: कदंबची शटल. मडगावला किंवा वास्कोला जायचं तर खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, आत जाऊन बसायचं. उभं कुणीच नाही. वाटेत थांबा नाही. रांगेत माझ्या मागच्या माणसाचा माझ्या पाठीला धक्का लागत नव्हता, म्हणून तो निघून गेला की काय हे बघायला मी सारखी वळत होते.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. मी सहज म्हटलं, "जाऊन येऊ या." घर गप्प झालं. म्हापसा बेतीहून दहा-बारा किलोमीटर. आमच्याकडे एवढ्यावर माणूस भाजी आणायला जातो. भावोजी म्हणाले, "आज? म्हापसा म्हणजे लांब पडतं." मग आदल्या रात्रीच का सांगितलं नाही, ऊन किती आहे, जेवणाचं काय, यावर चर्चा झाली. शेवटी छत्री, टोपी, पाण्याची बाटली आणि वाटेत लागलंच तर म्हणून केळी घेऊन आम्ही निघालो. अर्ध्या तासात पोचलो. चोरीसां नावाचे लालभडक सॉसेज, माळा घातलेला कांदा, बेबिंका असं घेऊन बारापर्यंत परतलोसुद्धा.

जेवणं झाल्यावर घरातले सगळे प्रवासाचा शीण म्हणून आडवे झाले, ते चारपर्यंत. मीसुद्धा. संध्याकाळी बहिणीने विचारलं, उद्या जुनं गोवं करायचं का?

"उद्या?" मी म्हटलं. "लागोपाठ दोन दिवस प्रवास?"