बुडवा आणि दाखवा

सिंधुदुर्गात निवती खडकांजवळ निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ मुद्दाम समुद्राच्या तळाशी बसवून तिच्याभोवती स्कूबा पर्यटन उभारायचं, ही शासनाची योजना स्वागतार्ह आहे. पाहण्याजोगं काही नसेल तर आधी बुडवावं, मग तिकीट लावून दाखवावं. धोरण दूरदृष्टीचंच. खटकतो तो फक्त खर्च.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात बुडवण्याचं काम केव्हाच उरकलं आहे. १९७६ साली लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली शेवगाव-नेवासे भागातली गावं गेली ती ओटे, पार, विहिरींसकट. पाण्याखाली पाण्याची विहीर! मालदीवनं दाखवावी एक तरी.

तेव्हा या धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे नाथसागराच्या, फुगवट्यात एखादं उंचवट्याचं बेट गाठावं, झापाच्या खोप्या घालाव्यात, आरामखुर्च्या मांडाव्यात. शहाळी कोकणातून येतील. पिण्याच्या पाण्याचा टँकर रीतसर मंजूर होईल; तो होडीतून कसा न्यायचा, एवढाच तांत्रिक मुद्दा उरतो. मे महिन्यात पाणी ओसरलं की प्राणवायूची नळकांडीही नकोत. पर्यटकांनी बूट घालूनच खोल बुडी मारावी. (चिखलाची जबाबदारी ज्याची त्यानं घ्यावी.)

वाटाड्या म्हणून धरणग्रस्तांनाच नेमावं. कुणाची चूल कुठं होती, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? स्वतःचं घर पाहायला येणाऱ्यांना तिकिटात निम्मी सवलतही द्यावी. खिडकीवर प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला दाखवला की झालं. ज्यांचा दाखला अजून कार्यालयातून निघायचा आहे, त्यांनी तूर्त पूर्ण तिकीट काढावं.