फव्वारा गुरू

बनारसच्या जुन्या मराठी घरांतली माणसं दोन प्रकारची. काहींनी अजून दुर्गाघाट-ब्रह्माघाटची गल्ली सोडलेली नाही आणि काहींनी गाडी घेण्यासाठी ती सोडली. त्या गल्लीत सांड आणि स्कूटर समोरासमोर आले तर मागे स्कूटरलाच जावं लागतं. तिथे मोटार कुठून शिरणार? पूर्वजांनी पेशवाईत काशी गाठली ती गंगेसाठी आणि वंशजांनी महमूरगंज-सिगरा गाठलं ते पार्किंगसाठी.

या दुसऱ्या प्रकारात निवृत्तीनंतर एक पोटजात निपजते. आमच्या कॉलनीत तिला 'फव्वारा गुरू' म्हणतात. हे गृहस्थ आयुष्यभर बँकेत किंवा रेल्वेच्या हिशेब खात्यात असतात, दुसऱ्याच्या चुका लाल शाईनं काढतात आणि साठीनंतर प्रेशर वॉशर विकत घेतात. आमचे काका असेच. त्यांची गाडी लहानशी, पांढरी आणि बिचारी.

खरेदीचा सोहळा बरेच महिने चालला. लोहटियाच्या बाजारात काका शिरले की दुकानदार चहा मागवायचा, कारण गिऱ्हाईक लवकर उठणारं नव्हतं. "दोनशे बारवाला ले जाइए गुरू, एकदम भौकाल है," असं तो म्हणाला की काका खोकं उलटं करून बारीक अक्षरं वाचायला लागत. मग आम्हाला प्रवचन: "मोठ्या अक्षरातला आकडा म्हणजे स्थळाच्या पत्रिकेतला पगार. खरा कोपऱ्यात लिहिलेला असतो. वर छापतात तो कमाल दाब आणि खाली चालू दाब. आपण खालचा बघायचा." हे मात्र शंभर टक्के खरं. मोटारीला चालू दाब ऐंशी ते एकशेदहा बार पुष्कळ झाला. शंभर बार म्हणजे पंपात दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोचा रेटा. त्याच्या दुप्पट यंत्र फरशी खरवडायला ठीक, गाडीच्या रंगाला नव्हे.

दाबाच्या जोडीला काका मिनिटाला किती लिटर पाणी येतं तेही विचारत. दाब मळ सुटा करतो, पण वाहून नेतं ते पाणीच. पाच लिटरच्या खालचं यंत्र ते हातात घेत नसत. मोटारीवरून तर दुकानदाराशी वादच झाला. ब्रशवाली मोटार हलकी आणि स्वस्त, पण किंचाळते आणि तिचे कार्बन झिजतात. इंडक्शन मोटार जड, महाग, पण शांत आणि टिकाऊ. महिन्यातून एकदा गाडी धुणाऱ्याला ब्रशवाली पुरते. काकांनी इंडक्शन घेतली. दोन माणसांशिवाय ती जागची हलत नाही, त्यामुळे दर रविवारी सकाळी कॉलनीतली पोरं झोपेचं सोंग घेतात.

धुण्याच्या दिवशीचे काका बघण्यासारखे असतात. गमबूट, चष्म्यावर चष्मा, कमरेला गमछा. सकाळची संध्या दहा मिनिटांत उरकणारा हा माणूस यंत्राच्या विधीत एक पायरी चुकवत नाही. आधी नळ सोडायचा, मग बंदुकीचा खटका दाबून नळीतली हवा फुसफुसत जाऊ द्यायची, अखंड धार आली की मगच बटण. कोरडा पंप चालवला तर आतले सील जळतात. शेवटी उलटा क्रम: वीज बंद, नळ बंद आणि पुन्हा खटका दाबून आत अडकलेला दाब सोडून द्यायचा. सोळा अँपिअरचा प्लग, तीस मिलिअँपिअरला उडणारा ब्रेकर आणि इलेक्ट्रिशियनला दोनदा बोलावून तपासलेलं अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या जमिनीवर टेकू द्यायचा नाही. तो खुर्चीवर विराजमान असतो आणि काकू जिन्यात उभ्या.

नोझलची टोपणं रंगीत असतात. लाल म्हणजे शून्य अंश, सुईसारखी धार. ते टोपण काकांनी कपाटात महसुली तिकिटांबरोबर कुलपात ठेवलंय. पिवळं पंधराचं, हिरवं पंचवीसचं, पांढरं चाळीसचं. गाडीला पांढरं, चाकाच्या कमानीतल्या चिखलाला फार तर हिरवं. "आणि अंतर? वीतभर नाही, हातभर!" हे ते इतक्या मोठ्यानं सांगतात की समोरचा चहावाला ग्लास धुतानाही हातभर लांब सरकतो. कारण त्यांना माहीत आहे. जवळून मारलेली धार दाराची रबरं उचकटते, रेडिएटरच्या पात्या वाकवते, टायरची बाजू आतून दुखावते आणि रंगाला कुठे टवका असला तर त्यात शिरून पापुद्रा उचलते. बॉनेट उघडून इंजिनावर फवारा मारणाऱ्याशी काका बोलणं सोडतात.

ही सगळी सावधगिरी स्वतःच्या गाडीपुरती. दुसऱ्याची गाडी आली की त्यांच्यातला कलावंत जागा होतो. शेजारच्या पांडेजींच्या मागच्या काचेवर 'हर हर महादेव' होतं. काकांनी ती काच हिरव्या टोपणानं, वीतभरावरून उजळली. पहिला 'हर' उडून नालीत गेला. पांडेजी बघतच राहिले. "अर्थ तोच राहतो," काका म्हणाले आणि पुढच्या चाकाकडे वळले.

पानाच्या पिचकारीवर मात्र त्यांचा अधिकार निर्विवाद. बनारसमध्ये यूपी ६५ पाटीची गाडी चालकाच्या दाराशी पांढरी राहिली तर ती चोरीची समजावी. नवखा माणूस कात-चुन्याच्या डागावर धार रोखतो. काका त्यावर ओलं फडकं घालून चहा प्यायला जातात. "पान भिजवून काढायचं. घाई केली तर पान राहतं, रंग जातो."

माकडांच्या बाबतीत तर मी त्यांना मानलं. बॉनेटवर चार-पाच जण बसलेले बघून सगळी कॉलनी ओरडली, "मारिए गुरू, फव्वारा मारिए!" काकांनी बंदूक जमिनीकडे वळवली. जवळून लागलेली धार कातडी फोडून आत जाते. बाहेर इवलंसं छिद्र दिसतं आणि आत मोठी इजा झालेली असते. डॉक्टरकडे धावावं लागतं. "माणसावर नाही, कुत्र्यावर नाही," ते म्हणाले, "आणि संकटमोचनच्या गावात माकडावर तर नाहीच."

पूर ओसरला की काकांचा उत्सव सुरू होतो. राजघाटच्या मोजणीवर धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, १९७८ साली गंगा ७३.९०१ पर्यंत चढली होती. दशांशासकट पाठ आहे. पाणी उतरल्यावर घाटांच्या पायऱ्यांवर गाळाचा थर बसतो आणि महापालिकेची माणसं गंगेतूनच पाणी उपसून जाड नळ्यांनी तो परत गंगेत ढकलतात. काका पायरीवर उभे राहून सूचना देतात. कोणी ऐकत नाही. "का गुरू, का होत हौ?" असं कुणी विचारलं की यांची गाडी थेट जर्मनीला पोचते. केर्शर कंपनीनं २००५ साली अमेरिकेतल्या माउंट रशमोरची साठ-साठ फुटी तोंडं धुतली, तीही रसायनाविना, हे दशाश्वमेधच्या निम्म्या नाविकांना आता ठाऊक आहे.

काकांचा आवडता युक्तिवाद पाणी वाचवण्याचा. यंत्र मिनिटाला सहा लिटर पितं, उघडी नळी त्याच्या दुप्पट. यावर काकूंचा हिशेब तयार असतो. पन्नास मिनिटं धुतलं तर तीनशे लिटर झाले. पूर्वी तीन बादल्यांत गाडी निघायची आणि उरलेल्यात पायपुसणं.

मे महिन्यातल्या एका रविवारी गाडीवर फेसाचा जाड थर चढला आणि लाईट गेली. फेस उन्हात वाळू द्यायचा नाही, हा काकांचाच नियम. सावली फक्त पिंपळाखाली आणि तिथे पक्षी. काकूंनी न बोलता बादली आणून ठेवली. मग लोटे, तांब्ये, पातेली, अर्धी कॉलनी. पाव तासात गाडी लखलखली. काका यंत्राशेजारी खुर्चीवर बसून होते, बोर्ड मांडीवर. "बोअरचं पाणी आहे, लगेच पुसा, पांढरे डाग पडतील," एवढंच म्हणाले. आणि तेही बरोबरच होतं.

तुम्हाला यंत्र घ्यायचं असेल तर काकांचं ऐका: चालू दाब शंभर बारच्या आसपास, पांढरं टोपण, हातभर अंतर, आणि सर्वांत आधी अर्थिंग. उसनं मागायला मात्र जाऊ नका. काका यंत्र देत नाहीत, यंत्रासकट स्वतः येतात.