कळांचा जीर्णोद्धार

आमच्या एका मित्राने आयबीएमचा जुना मॉडेल एम कीबोर्ड घेतला, याबद्दल त्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा. १९८५पासूनचे हे घराणे, दोन किलोंहून जड. त्याने १०१ कळा एकेक करून उपटल्या, साबणाच्या कोमट पाण्यात न्हाऊ घातल्या, पंच्यावर वाळवल्या. तळातून पूर्वीच्या मालकाचे केस, नखे आणि शेवेचे अवशेष निघाले. पुरातत्त्व खात्याला कळवायचे तेवढे राहिले. वयोमानाने तुटलेल्या प्लास्टिक रिव्हेटांच्या जागी त्याने भिंग लावून बारीक बोल्ट बसवले. स्वयंपाकघरातला गळका नळ अर्थातच प्रतीक्षायादीत आहे. त्याला वारसामूल्य नाही. तीन रविवारांनंतर कीबोर्ड असा खणखणला, की खालच्या मजल्यावरचे आजोबा विचारायला वर आले. ही आनंदवार्ता मित्राने आम्हाला तत्काळ कळवली. व्हॉइस मेसेज पाठवून.