दुर्लक्ष करून चालणार नाही

शर्यतीच्या आदल्या दिवशी पेपरात जे भाकीत छापून येतं, त्यात एकही घोडा हरत नाही. पहिल्याला जिंकण्याची दाट शक्यता असते. दुसरा कडवी झुंज देणार असतो. तिसरा, अंतर मानवलं तर, धक्का देऊ शकतो. चौथ्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पाचवा गेल्या खेपेला शेवटून दुसरा आला होता, पण त्या दिवशी त्याला मोकळी वाट मिळाली नव्हती. सहाव्यापर्यंत येता येता लिहिणाऱ्याजवळचे शब्द संपतात, म्हणून तो नुसताच 'सुधारतो आहे'. रविवारी संध्याकाळी हा सहावा जिंकतो, आणि सोमवारी तोच लेखक लिहितो की हा घोडा सुधारतो आहे, हे आम्ही नोंदवलंच होतं.

माझे दाजी या गद्याचे जन्माचे वाचक. नोकरी पश्चिम रेल्वेत, त्यामुळे पास फुकट आणि रविवार मोकळा. 'महालक्ष्मीला जाऊन येतो' असं सांगून ते घरातून निघायचे. ताईला बरीच वर्षं वाटत राहिलं, की माणूस देवभोळा आहे. दाजी खोटं बोलत नव्हते. महालक्ष्मी स्टेशनला उतरायचे आणि देवळाऐवजी रेसकोर्सकडे वळायचे, एवढंच. पुढे कळलं तेव्हा ताईनं जो प्रश्न विचारला त्याला दाजींनी थेट सर्वोच्च न्यायालयाचा आधार दिला. घोड्यांची शर्यत हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल १९९६ साली लागलेला आहे, आणि तो त्यांना तोंडपाठ आहे. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कौशल्याचा आहे ना? मग तुमच्यात का नाही आलं?" या मुद्द्यावर निकालपत्रात काही नाही.

दाजींना रेसचा इतिहास मात्र विचारावा. बॉम्बे टर्फ क्लब १८०२ चा, पुण्याचा रेसकोर्स १८३० चा, महालक्ष्मीचा १८८३ चा. त्याआधी शर्यती भायखळ्याला होत. पहिली इंडियन डर्बी १९४३ साली, जिंकली प्रिन्सेस ब्यूटीफुल नावाच्या घोडीनं. अंतर चोवीसशे मीटर. हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळतो की त्या दिवशी ते स्वतः तिथे होते असं वाटावं. त्यांचा जन्म बराच नंतरचा. अलीकडे मात्र त्यांचं मन जरा उडालं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. "पूर्वी घोडे सुटल्यावर आपण हरायचो," दाजी म्हणतात, "आता घोडे सुटायच्या आधीच एक जण पोहोचलेला असतो."

अशा खिन्न मनःस्थितीत त्यांना मी सारंगखेड्याला बोलावलं. दोंडाईचा स्टेशनला उतरवून घेतलं आणि तापीचा पूल ओलांडून यात्रेत आणून सोडलं.

सारंगखेडा आमच्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. मारवाडचे घोडे येतात, काठियावाडचे येतात, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा येतात. शिवाजी महाराजांच्या फौजेसाठी इथून घोडे जात, असं इकडे जो तो सांगतो, आणि सांगताना आवाज असा काढतो की पावती घरात आहे. आता चेतक फेस्टिव्हल म्हणून मोठं प्रस्थ झालंय. घोड्यांच्या नाचाच्या स्पर्धा, रुबाबाच्या स्पर्धा, शर्यती, झगमगाट. दरवर्षी पेपरात बातमी येते की अमुक घोड्याला इतके कोटी मागणी आली, पण मालकानं दिला नाही. 'दिला नाही' ही बातमी मी पुष्कळदा वाचली आहे. 'दिला' ही फारशी वाचल्याचं स्मरत नाही. न विकलेल्या घोड्याची किंमत वाढवायला काही खर्च येत नाही.

या बाजारातले खरे मानकरी म्हणजे जाणकार. माझ्या माहितीतले सर्वांत मोठे जाणकार आमच्या गावचे आप्पा. आप्पांकडे घोडा नाही. कधी नव्हता. त्यांच्याकडे सहा एकर पपई, थोडा ऊस आणि घोड्यांविषयी अमर्याद मतं आहेत. यात्रेत ते कडक इस्तरीचा सदरा घालून फिरतात, कुठल्याही घोड्यापुढे उभे राहतात आणि आधी काही बोलतच नाहीत. हे न बोलणं फार महत्त्वाचं. मालक अस्वस्थ होतो, गिऱ्हाईक सावध होतं, चार माणसं जमतात. मग आप्पा घोड्याचा ओठ वर करून दात बघतात, मानेखालचा भोवरा चाचपतात आणि एकच शब्द टाकतात. "देवमण." गर्दीतून हुंकार उठतो. किंवा डोळ्याखाली बोट ठेवून म्हणतात, "आसूढाळ." मालकाचं तोंड उतरतं. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असला तर पंचकल्याणी; मग आप्पा त्या घोड्याला मनातल्या मनात नमस्कार करतात, पण मालकापुढे मात्र "बरा शे" यापलीकडे जात नाहीत.

दाजी आणि आप्पा यांची गाठ मी घालून दिली. एवढं पाप माझ्या नावावर नक्कीच आहे.

दाजींनी समोरच्या कुमैत घोड्याकडे पाहिलं आणि सवयीनं विचारलं, "फॉर्म कसा आहे?"

आप्पांना वाटलं, कसलातरी सरकारी फॉर्म. म्हणाले, तो ग्रामपंचायतीत भेटेल.

मग दाजींनी समजावून सांगितलं. शर्यतीच्या घोड्याचं सगळं कागदावर असतं. बाप कोण, आई कोण, मागच्या पाच शर्यतींत कितवा आला, पाठीवर किती वजन होतं, जॉकी कोण, आणि परवा पहाटेच्या सरावात सहाशे मीटर किती सेकंदांत गेला. त्यापुढे एक शेरा: 'सहज धावला', 'चांगल्या स्थितीत', 'दामटावा लागला'. पेपर हातात असला की घोडा बघायची गरजच नाही.

आप्पा अवाक झाले. ज्या विद्येत घोडा बघायचीच गरज नाही, अशी विद्या त्यांनी प्रथमच ऐकली. म्हणाले, "पाव्हना, तुम्ही पेपर वाची राह्यनात, मी घोडा वाची राह्यनू."

वयावरून पुढची चकमक झाली. आप्पा दातांवरून वय सांगतात. दाजी म्हणाले, आमच्याकडे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. आप्पांना ही थाप वाटली, पण मला अजिबात नवल वाटलं नाही. आमच्या शाळेच्या पटावर निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला होता. गुरुजींनी दाखला भरताना घोड्यांचाच नियम लावला असणार.

हँडिकॅपचा नियम तर आप्पांना अजिबात पटला नाही. जो घोडा जिंकतो, त्याच्या पाठीवर पुढच्या वेळी जास्त वजन देतात, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी, हे दाजींनी तळहातावर आकडे काढून सांगितलं. आप्पा थोडा वेळ विचार करून म्हणाले, "जो जितना त्यालेच ओझं? मंग घोडा शहाणा व्हई तर दुसरा येई." दाजी एकदम गप्प झाले. मला वाटतं, आयुष्यातल्या अनेक रविवारांचा उलगडा त्यांना त्या क्षणी झाला असावा.

शेवटी दोघांनाही एका मैदानावर उतरवायला शर्यतच हवी होती, आणि ती दुपारी होती. दाजींनी सवयीप्रमाणे सडपातळ कुमैत निवडला. आप्पांनी पंचकल्याणी. एका काळ्या घोड्यावरून मात्र दोघांचं एकमत झालं. दाजींच्या मते त्याची छाती अरुंद होती, आप्पांच्या मते त्याला आसूढाळ होता. दोघांनीही त्याला बाद केला. दाजी म्हणाले, "लावायचे पन्नास?" मी घाईनं सांगितलं की मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे, आणि त्यात घोड्यावर पैसा लावायची मोकळीक आहे ती फक्त परवाना असलेल्या रेसकोर्सच्या आवारात. आप्पांना कायद्याचं काही नव्हतं. त्यांची हरकत निराळीच होती. "पैसा लावा ना, मंग बोलानी मजा जास."

या वाक्यावर मी अजून विचार करतो आहे. पेपरातला भाकीतकार, टीव्हीवरचा समालोचक आणि आमचे आप्पा यांत फरक एवढाच, की आप्पांनी हे आपल्या तोंडानं कबूल केलं. ज्याचे पैसे लागलेले असतात तो बोलत नाही. तो नखं खातो.

शर्यतीचं समालोचन लाउडस्पीकरवरून चाललं होतं. तोच लाउडस्पीकर हरवल्या-सापडल्याच्या सूचनांनाही होता. "काळा घोडा पुढे... पांढरा घोडा दबाव टाकतोय... मंदाण्याहून आलेल्या आजीबाईंनी लवकरात लवकर मंडपाजवळ यावं, नातू रडतो आहे... आणि जिंकला! जिंकला! टाळ्या झाल्या पाहिजेत!" कोण जिंकला हे धूळ खाली बसेपर्यंत कळलं नाही. जिंकला होता काळाच.

मला वाटलं, आता तरी दोघं गप्प बसतील. पण खरा जाणकार शर्यतीनंतरच उमलतो. दाजी म्हणाले, ग्राउंड जड होतं. पुण्याला पावसाळी मोसमात जमीन किती मऊ आहे ते यंत्र रोवून मोजतात, तसं इथं मोजायला पाहिजे होतं. डिसेंबरातल्या त्या धुळीत रुतत होते ते फक्त प्रेक्षकांचे पाय. आणि आप्पा? त्यांनी पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि शांतपणे सांगितलं की आसूढाळ मालकाला वाईट असतो, घोड्याला नाही. इतकं अभेद्य उत्तर मी कुठल्याही खेळाच्या पानावर वाचलेलं नाही. शिवाय त्यांच्या मते शर्यत जिंकणं ही घोड्याची परीक्षाच नव्हे. परीक्षा रेवाल चालीची: स्वाराच्या हातात पाण्यानं भरलेला पेला द्यावा आणि थेंब सांडू नये. आता त्या दिवशी मैदानात पेला कुणाकडेच नव्हता, त्यामुळे पंचकल्याणी हरला असं कुणालाही सिद्ध करता येईना.

आमच्या मागे उभ्या असलेल्या पोरांना हे सगळं जुनाट वाटत होतं. ही मुलं एकेकाळी मोबाइलवर क्रिकेटची टीम बनवायची. शहाद्याच्या बसस्टँडवर उभं राहून चेन्नईच्या खेळपट्टीवर दव किती पडेल हे छातीठोक सांगायची. चेन्नई कुणी पाहिलेली नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि टीमा बसल्या. दव मात्र अजून पडतं. त्यांच्यातला एक आप्पांच्या पुतण्याचा मुलगा. तो आता फुकट भविष्य सांगतो, आणि आप्पांच्या मते त्यामुळे जास्त चांगलं सांगतो.

या सगळ्या प्रकाराला आमच्या भागाकडून मोठाच हातभार लागलेला आहे, हे मी तिथेच उभं राहून दाजींना सांगितलं. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या भावावर माणसं आकडे लावत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडचे भाव येणं थांबलं, तेव्हा मंडळींनी मटक्यात चिठ्ठ्या टाकून आकडे काढायला सुरुवात केली. कापूस गेला आणि मटका राहिला. खानदेशात कापूस पिकवणारा मात्र न्यूयॉर्कचा भाव तर सोडाच, दोंडाईच्याचा भावही गाडी बाजारात उभी राहीपर्यंत सांगू शकत नव्हता. आप्पा घोड्यावर छदाम लावत नाहीत याचं कारणही हेच असावं. त्यांचं सगळं पपईवर लागलेलं असतं. लागण झाली, रोपं धरली, मोझॅक आला नाही, थंडी बेतानं पडली, इथपर्यंत सगळं 'सहज धावला' असतं. मग व्यापारी बांधावर येऊन भाव सांगतो. त्या विषयावर आप्पांना मत विचारा. एक शब्द बोलत नाहीत.

संध्याकाळी परतायच्या वेळी एक प्रकार घडला. गुजरातकडचा एक वरातीचा घोडेवाला एका पांढऱ्या घोडीपुढे कधीचा घुटमळत उभा होता. भाव जवळपास जमला होता, पण मन होत नव्हतं. आप्पा चहाला गेलेले. दाजींना राहवलं नाही. कुणी विचारलेलं नसताना ते म्हणाले, "खांदा मोकळा आहे. मागचे पाय सरळ पडतात. गर्दीला बुजत नाही. अंतर वाढलं तर आणखी खुलेल."

घोडेवाल्यानं वळून पाहिलं. "वरात दीड किलोमीटरची असते."

"मग तर तिचंच अंतर," दाजी म्हणाले. "हिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही."

पाच मिनिटांत सौदा झाला. विकणाऱ्यानं नोटा मोजून घेतल्या, त्यातली पाचशेची एक दाजींच्या मुठीत कोंबली आणि म्हणाला, दलाली. दाजी ती परत करू लागले, तर त्याला वाटलं कमी पडली. त्यानं वर शंभर दिले. चहा घेऊन आलेल्या आप्पांनी हे पाहिलं आणि ते दोन दिवस आमच्याशी नीट बोलले नाहीत. इतक्या यात्रा झाल्या, इतके घोडे त्यांनी वाचले, पण त्यांना कधी कुणी चहाच्या पुढे विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर दाजींनी दोन्ही नोटा ताईसमोर ठेवल्या. ताईनं पाचशेची उचलून बल्बासमोर धरली, उलटी करून पाहिली, गांधीजींवरून अंगठा फिरवला.

"घोड्याकडून आली?"

"घोडीकडून," दाजी म्हणाले.

ताईनं नोटा पर्समध्ये टाकल्या, चेन ओढली आणि मला विचारलं, "पुढच्या वर्षी दत्तजयंती कितीला आहे रे? आपण चार दिवस आधीच येऊ."